वांग, डाग आणि आजीबाईचा बटवा

चेहऱ्यावरील काळ्या डागांविषयीची पत्रे या सदराकडे बारमाही येतात. उन्हाळा संपता संपता त्यांचा ओघ वाढतो आणि लग्नसराई जवळ आली की त्यांत घाईची भर पडते. 'घरच्या घरी काय करता येईल?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात असतो. डाग नेमका कसला आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. म्हणून या अंकासाठी निवडलेल्या सहा पत्रांना उत्तर देताना मी उपायाआधी डागाच्या नावाकडे वळले आहे. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे वगळली असून मजकूर थोडा आटोपता घेतला आहे.

प्रश्न : माझे वय ३८ असून मी गृहिणी आहे. गेल्या तीन वर्षांपासून माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग आहेत. सासूबाई म्हणतात की हा वांग आहे, जायफळ दुधात उगाळून लाव. मैत्रिणीने लिंबू आणि मध लावायला सांगितले, तर मुलीने मोबाईलवर पाहून बटाट्याचा रस सुचवला. मी तिन्ही करून पाहिले. जायफळाने थोडे बरे वाटले, बटाट्याने काहीच झाले नाही आणि लिंबाने आग होऊन डाग आणखी गडद झाले. यांपैकी कोणता उपाय चालू ठेवावा? (सोलापूर)

उत्तर : आपल्या सासूबाईंचे निदान बरोबर आहे. दोन्ही गालांवर सारखेच उमटलेले, वरच्या ओठावर किंवा कपाळावर पसरलेले, न खाजणारे, न दुखणारे आणि हाताला उंच न लागणारे तपकिरी डाग म्हणजे बहुतेक वेळा वांगच असतो. हा आजार जुना आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'व्यंग' या नावाने त्याचे वर्णन येते. चेहऱ्यावरचे पातळ, वेदनारहित, सावळ्या रंगाचे मंडल असे ते वर्णन आजही दवाखान्यात तंतोतंत लागू पडते. तेथे त्याची कारणे क्रोध आणि श्रम अशी दिली आहेत. आज आपण ऊन, स्त्रीसंप्रेरके आणि आनुवंशिकता ही तीन कारणे सांगतो, आणि सोलापूरच्या उन्हात राहणाऱ्या व्यक्तीला त्यांतले पहिले समजावून सांगण्याची गरज पडू नये.

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात आणि त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करून आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत या रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते; फरक असतो तो त्यांच्या कामाच्या वेगात. वांग झालेल्या जागेवरील रंगपेशी जणू कायम सज्ज असतात आणि थोडासा प्रकाश मिळाला तरी कामाला लागतात. म्हणूनच चार महिन्यांच्या उपचारांनी फिकट झालेला वांग एखाद्या जत्रेच्या किंवा सहलीच्या दिवशी पुन्हा उमटतो. तयार झालेला रंग वरच्या थरात असेल, तर तो थर साधारण चार आठवड्यांनी नवा होत असल्यामुळे हळूहळू निघून जातो. तो खालच्या थरात झिरपला असेल, तर तेथे महिनोन्महिने, कधी कधी वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो. यावरून 'आठ दिवसांत वांग गायब' या जाहिरातीची किंमत आपणच ठरवावी.

आता जायफळाविषयी. माझ्या आजीच्या घरी देवघराशेजारी दोन सहाणा असत, एक चंदनाची आणि दुसरी औषधांची. दुसऱ्या सहाणेवर ती दुधाचा एक थेंब टाकून जायफळ चार-पाच वेढे फिरवी आणि जे पातळ गंध निघे ते करंगळीने केवळ डागावर टेकवी, घासत नसे. ते सुकायला लागले की ओल्या फडक्याने अलगद टिपून घेई. या पद्धतीत जायफळाचा अंश इतका थोडा असे, की त्याने अपाय होण्याची शक्यता कमी होती आणि दुधातील स्निग्धतेमुळे कोरडी त्वचा मऊ पडून डाग थोडा उजळ दिसे. आपल्याला जे 'थोडे बरे' वाटले ते बहुधा हेच असावे. अडचण निराळीच आहे : अलीकडे जायफळाची मिक्सरमध्ये पूड करून तिचा जाड लेप रात्रभर ठेवला जातो. जायफळात उडनशील तेले असतात, ती त्वचेला झोंबतात, त्वचेचा दाह होतो आणि आपल्यासारख्या गहूवर्णी त्वचेत दाह शमताना मागे काळा डाग ठेवून जातो. म्हणजे डाग घालवण्यासाठी केलेला लेपच नवा डाग देतो. सहाणेवरचे गंध आपल्याला सोसत असेल तर आठवड्यातून एक-दोनदा लावण्यास माझा विरोध नाही, पण त्याला वांगावरचे औषध मी म्हणणार नाही.

लिंबू मात्र ताबडतोब बंद करावे. निरोगी त्वचेचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण साडेचार ते साडेपाच असतो आणि लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास, त्यामुळे आपल्याला झालेली आग स्वाभाविक होती. त्याहून मोठा धोका उन्हाचा आहे. लिंबाच्या, विशेषतः त्याच्या सालीच्या, रसात अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर त्वचा अक्षरशः भाजते. एका उन्हाळ्यात रसवंतीवर काम करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. दिवसभर उघड्यावर बसून तो उसाच्या रसात लिंबे पिळत असे. त्याच्या मनगटापासून कोपराकडे काळ्या रेघा गेल्या होत्या. रसाचा थेंब जसा ओघळला तशीच रेघ, शेवटी थेंबाच्या आकाराचा गोल ठिपका. आईला वाटले होते की कोणी चटके दिले. त्या रेघा जायला काही महिने लागले. मध मिसळल्याने लिंबाचा हा गुण बदलत नाही. खाण्याच्या सोड्याची गत उलट्या दिशेने हीच आहे : तो अल्कधर्मी असल्याने त्वचेचे आम्लधर्मी कवच बिघडवतो.

बटाट्याने काही झाले नाही हे आपले निरीक्षण अचूक आहे. बटाट्याची चकती कापून ताटलीत ठेवली की ती थोड्याच वेळात लालसर आणि मग काळपट पडते. हे ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) घडते ते त्वचेत मेलॅनिन तयार करणाऱ्या विकराच्याच कुळातले आहे. स्वतःच काळ्या पडणाऱ्या भाजीकडे डाग उजळण्याचे काम कोणी सोपवले असेल त्याच्या विनोदबुद्धीला मी दाद देते. बटाट्याने अपाय मात्र होत नाही, तेव्हा मुलीला रागावू नये.

घरच्या वस्तूंमध्ये मी दोनच गोष्टींची नावे घेईन. ज्येष्ठमधात ग्लॅब्रिडीन नावाचे द्रव्य असते आणि ते मेलॅनिन तयार होण्याच्या क्रियेला काही प्रमाणात आळा घालते. म्हणूनच त्याचा अर्क अनेक मलमांत घातलेला असतो. घरी वस्त्रगाळ पूड दुधात कालवून दहा मिनिटे लावता येते, पण अर्काच्या तुलनेत तिचा परिणाम सौम्य असतो. दुसरी कोरफड. तिचे पान कापून थोडा वेळ उभे ठेवावे, कापलेल्या टोकातून गळणारा पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, पान धुऊन घ्यावे आणि मगच आतला पारदर्शक गर काढावा. खाज सुटते ती गराने नव्हे, त्या पिवळ्या चिकाने. कोणताही लेप चेहऱ्याला लावण्याआधी तो कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावा.

आणि ज्याला मी खरा घरगुती उपाय मानते तो स्वयंपाकघरात नाही. सकाळी चेहरा धुतल्यावर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतके, म्हणजे दोन बोटे भरून, चेहऱ्याला आणि मानेला लावावे. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. वांगासाठी शक्य तर त्वचेच्या रंगाचे, 'टिंटेड' म्हणून मिळणारे आणि आयर्न ऑक्साइड असलेले घ्यावे, कारण वांग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतो, आणि तो उजेड साधे सनस्क्रीन अडवत नाही. खिडकीच्या काचेतूनही अतिनील किरणांचा काही भाग आत येतो, तेव्हा घरातच असते हे कारण पुरेसे नाही. एक ट्यूब सहा महिने पुरली असे कोणी अभिमानाने सांगितले की मी समजून जाते की ती लावलीच गेली नाही. बाहेर पडताना छत्री आणि सुती स्कार्फ घ्यावा. तीन महिने एवढे निष्ठेने करूनही फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ॲझेलेइक आम्लासारखी सौम्य आणि परिणामकारक मलमे उपलब्ध आहेत, परंतु कोणते मलम किती दिवस लावायचे हे चेहरा पाहिल्याशिवाय पत्रातून सांगणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. मुरुमांच्या डागांसाठी औषधांच्या दुकानदाराने मला एक ट्यूब दिली होती. पंधरा दिवसांत चेहरा इतका उजळला की घरातल्या सगळ्यांनी ती लावायला सुरुवात केली. आता दोन वर्षे झाली. एक दिवस जरी लावली नाही तरी चेहरा लाल होतो, आग होते, बारीक पुरळ येतात. हनुवटीवर लव वाढली आहे. ट्यूब सोडवण्यासाठी एखादा घरगुती उपाय सांगावा. (लातूर)

उत्तर : हे पत्र मी दोनदा वाचले, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती 'घरातल्या सगळ्यांनी' या शब्दांची.

आपण ट्यूबचे नाव कळवले आहे. ते येथे छापत नाही, कारण अशा ट्यूब अनेक नावांनी मिळतात. त्यांचा इतिहास थोडक्यात सांगते. १९७५ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन ही तीन औषधे एकत्र करून डाग फिकट करण्याची कृती प्रसिद्ध केली. पहिले औषध रंग तयार होण्याला आळा घालते, दुसरे त्वचेच्या वरच्या थराची अदलाबदल वेगाने घडवते आणि तिसरे, म्हणजे स्टेरॉइड, पहिल्या दोघांमुळे होणारी आग शमवते. या तत्त्वावरची मलमे आजही वापरली जातात आणि ती चांगली आहेत, मात्र वांगासाठी, ठरावीक आठवडे आणि देखरेखीखाली. आपल्याकडे झाले असे, की त्यांतील स्टेरॉइडमुळे पहिल्या पंधरा दिवसांत चेहऱ्यावर जी लकाकी येते ती तोंडोतोंडी पसरली आणि भलत्याच आजारावरचे औषध गोरेपणाची क्रीम म्हणून घराघरांत शिरले.

स्टेरॉइड महिनोन्महिने लावले की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमांसारखे पुरळ उठतात, लव वाढते, आणि ट्यूब थांबवली की त्वचा संतापल्यासारखी लाल होते. मग ती शांत करण्यासाठी पुन्हा तीच ट्यूब. तंबाखूच्या सवयीपेक्षा हे फार निराळे नाही. आपल्या ट्यूबवरील बारीक अक्षरे भिंगाखाली धरून वाचावीत. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी कोणतेही नाव आढळले, तर ते स्टेरॉइड आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड द्रव्ये शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ती विकणे नियमबाह्य आहे. नियम आणि गल्ला यांत काय जिंकते हे आपल्या पत्रावरून दिसतेच.

ट्यूब सोडवण्यासाठी घरगुती उपाय नाही, आणि हे मी पूर्ण विचारांती लिहिते. पातळ झालेल्या त्वचेवर हळद, मुलतानी माती, टूथपेस्ट असे काहीही लावले तरी ते झोंबेल. ट्यूब कशी थांबवायची, एकदम की सौम्य औषधावर आणून पायरीपायरीने, हे तिची ताकद आणि वापराचा काळ पाहून ठरवावे लागते, त्यामुळे याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जावे आणि रिकामी ट्यूब सोबत न्यावी. तोपर्यंत घरात एवढेच करावे : चेहरा साबणाऐवजी नुसत्या पाण्याने धुवावा, आग झाली की थंड पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती फडक्याच्या घड्या ठेवाव्यात, वास नसलेले साधे मॉइश्चरायझर लावावे आणि वाफ घेणे, ब्लीच, फेशियल यांना काही महिने रजा द्यावी. पहिले काही आठवडे चेहरा आताच्यापेक्षा वाईट दिसेल. हे आधी सांगितले नाही तर माणसे तिसऱ्या दिवशी पुन्हा ट्यूबकडे वळतात, म्हणून सांगून ठेवते.

याच ओघात घटकांची नावेच नसलेल्या डब्यांविषयी लिहिणे भाग आहे. पार्लरमध्ये किंवा ओळखीतून मिळणाऱ्या काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असतो. पारा मेलॅनिनची निर्मिती खरोखरच रोखतो, आणि त्वचेतून शिरून मूत्रपिंडांनाही इजा करतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा क्रीम वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार झाल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले आणि त्याच सुमारास आपल्या अकोल्यातूनही तशी बातमी आली होती. पाऱ्याविषयीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात आधी सौंदर्यप्रसाधनांत दहा लाख भागांत एका भागापर्यंत पाऱ्याला मुभा होती; २०२३ मध्ये ती काढून पारा घातलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरले. डबीवर उत्पादकाचा पत्ता, घटकांची यादी आणि तारीख यांपैकी काहीही नसेल, तर ती कितीही विश्वासू माणसाने दिलेली असली तरी टाकून द्यावी. अशी क्रीम वापरत असताना पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर लघवीची तपासणी लगेच करून घ्यावी.

प्रश्न : मला चिकुनगुनिया झाला होता. ताप गेला, सांधे अजून धरतात, पण तीन आठवड्यांनी अचानक नाक काळे पडले. लोक विचारतात की नाकाला काय लावलेस? मी हळद आणि बेसन लावून पाहिले. हे असेच राहील का? (पुणे)

उत्तर : राहणार नाही. चिकुनगुनियानंतर नाकाचा शेंडा, नाकपुड्या आणि कधी कधी गाल काळे पडणे ही या तापाची इतकी ओळखीची खूण आहे, की ताप नुसताच 'व्हायरल' म्हणून निघून गेलेल्या रुग्णाचे नाक पाहून आम्ही चिकुनगुनियाची शंका घेतो. २०२४ मध्ये पुण्यात आणि नागपुरात तापाची मोठी साथ आली, तेव्हा अशी अनेक नाके आम्ही पाहिली. रंग बहुधा तीन ते सहा महिन्यांत, काहींचा थोड्या अधिक काळाने, आपोआप उतरतो. सनस्क्रीन आणि साधे मॉइश्चरायझर पुरे. बेसन घासल्याने उतरण्याचा वेग वाढत नाही, उलट घासण्याने रंग टिकतो. विचारणाऱ्यांना 'डासाने चावले' असे सांगावे. ते खरेही आहे.

प्रश्न : माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. वय ४५. गालांवर आणि कपाळावर काळे पट्टे पडले आहेत. बायकोला असतात तसे डाग पुरुषांना होतात का? विचारायला संकोच वाटतो. (जि. नाशिक)

उत्तर : होतात. स्त्रियांपेक्षा प्रमाण कमी असले तरी उन्हात राबणाऱ्या पुरुषांच्या चेहऱ्यावर वांग मी नेहमी पाहते, आणि संकोचापायी ते बहुधा तो पाच-सहा वर्षे जुना झाल्यावरच माझ्याकडे येतात. खुडणीचे दिवस फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे नेमके ऊन चढण्याचे. आपली गांधी टोपी डोके झाकते, पण तिला कड नसल्याने चेहऱ्यावर सावली मुळीच पडत नाही. बागेत जाताना चारी बाजूंनी रुंद कडा असलेली टोपी घालावी किंवा उपरणे गालांवरून गुंडाळावे. फवारणी करताना तोंडावर उडालेले औषध लगेच धुवावे, कारण त्याच्या दाहानेही डाग पडतात. बायकोचे सनस्क्रीन आपल्यालाही चालते, वेगळे 'पुरुषांचे' घेण्याची गरज नाही.

प्रश्न : मला सहावा महिना चालू आहे आणि गालांवर डाग आले आहेत. आई रोज ओली हळद आणि साय लावते. शेजारच्या काकू म्हणतात की डाग आले म्हणजे मुलगाच. हळद चालेल ना? बाळंतपणानंतर डाग जातील का? (कोल्हापूर)

उत्तर : गरोदरपणी संप्रेरके वाढतात आणि त्यामुळे वांग उमटतो, बाळ मुलगा आहे की मुलगी याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही, हे काकूंना माझ्या नावाने सांगावे. प्रसूतीनंतर काही महिन्यांत तो पुष्कळ जणींचा फिकट होतो, काहींचा राहतो. त्यानंतर संततिनियमनाच्या गोळ्या सुरू करण्याचा विचार असेल तेव्हा वांगाचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा, कारण त्या गोळ्यांनी तो परत येऊ शकतो.

आईच्या हातची साय आणि चिमूटभर हळद यांनी अपाय होणार नाही. सहाव्या महिन्यात कोणी तरी रोज दहा मिनिटे गालांवरून हात फिरवते आहे, याचे मोल वेगळे आहे. फक्त हळद खात्रीची असावी. सुट्या, फार भडक पिवळ्या पुडीत कधी कधी मेटॅनिल यलोसारखा रंग किंवा शिसेयुक्त लेड क्रोमेट मिसळलेला असतो, म्हणून हळकुंड आणून घरी दळलेले किंवा सहाणेवर उगाळलेले बरे. लेप धुतल्यावर खाज आली किंवा पुरळ उठले, तर थांबावे. हळदीची ॲलर्जी असते, आणि हळदी समारंभानंतर दोन दिवसांनी सुजलेला चेहरा घेऊन येणाऱ्या नवऱ्या मुली आम्ही पाहतो. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असलेली मलमे मात्र गरोदरपणात मुळीच लावू नयेत. सनस्क्रीन लावण्यास हरकत नाही.

प्रश्न : माझे वय ५६ आहे. वर्षभरात कपाळ, कानांसमोरचा भाग आणि मान राखाडी-काळी पडली आहे. वांग म्हणून मी मसूरडाळीचे पीठ, रक्तचंदन, पपईचा गर असे सर्व काही केले. पार्लरमध्ये दोनदा फेशियलही केले. कसलाच गुण नाही. मी केसांना काळी मेंदी लावते, बाकी कोणतेही रसायन वापरत नाही. (डोंबिवली)

उत्तर : आपल्या पत्राचे शेवटचे वाक्य हेच बहुधा आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. मेंदीच्या पानांनी केस तांबूस होतात, काळे होत नाहीत. पाकिटातील 'काळी मेंदी' काळा रंग देते तो सहसा पॅराफिनायलीनडायअमाईन, अर्थात पीपीडी, या रसायनामुळे. केसांच्या बहुतेक काळ्या डायमध्ये हेच असते. त्याची ॲलर्जी झाली की काहींना खाज आणि सूज येते, तर काहींना खाज जवळजवळ न येताच केसांच्या कडेने, कपाळावर, कानांसमोर आणि मानेवर राखाडी-निळसर काळेपणा हळूहळू पसरतो. वांग तपकिरी असतो आणि गालांच्या मध्यभागी अधिक असतो. आपल्या डागांचा रंग आणि जागा दोन्ही त्याच्याशी जुळत नाहीत. हा रंग त्वचेच्या खालच्या थरात असल्याने मसूरडाळ, चंदन किंवा पपई तेथवर पोहोचणे शक्य नाही, आणि प्रत्येक वेळी घासण्याने व फेशियलमधील सुगंधी द्रव्यांनी भरच पडली असेल. यात आपला काही दोष नाही. पाकिटावर मेंदीचे पान छापलेले असते.

असाच काळेपणा इतर कारणांनीही येतो. मानेची त्वचा काळी होऊन मखमलीसारखी जाड लागत असेल, तर ती रक्तातील साखरेची तपासणी करण्याची खूण असते, म्हणून ती तपासणी आपणही करून घ्यावी. नव्या अत्तराने, सुवासिक तेलाने किंवा टिकलीच्या गोंदाने त्वचा काळी किंवा पांढरी पडलेली माणसेही येतात.

आज करायचे एकच : काळी मेंदी आणि सर्व प्रकारचे डाय थांबवावेत. 'अमोनियारहित' किंवा 'हर्बल' लिहिलेलेही नकोत, कारण अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकतो. पुढील महिन्यात एखादे लग्न असेल आणि पांढरे केस झाकणे अगदीच आवश्यक असेल, तर शुद्ध मेंदी लावून लालसर केसांवर समाधान मानावे. त्यानंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन पॅच टेस्ट करून घ्यावी. त्यात संशयित द्रव्यांचे थेंब असलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढून पहिली नोंद घेतात आणि साधारण ९६ तासांनी दुसरी. जाताना काळ्या मेंदीचे पाकीट, डोक्याचे तेल, टिकल्यांची पाने आणि नेहमीचे अत्तर अशा सगळ्या वस्तू एका पिशवीत घालून न्याव्यात. पट्ट्या असेपर्यंत पाठीला पाणी लागू द्यायचे नसते, त्यामुळे आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ उरकून घ्यावी.